जुनी मालमोटार आणि तिचे दिवे

हल्लीं आपल्या भागांत जुनी मालमोटार विकत घेण्याची चाल बरीच वाढली आहे, आणि ती वाईट आहे असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. टोमॅटो, कोथिंबीर असा नाशवंत माल पिकविणाऱ्यानें भाड्याच्या गाडीची वाट पाहत बांधावर बसावें आणि गाडी येईपर्यंत बाजार उतरून जावा, हा अनुभव ज्यांनीं घेतला आहे त्यांस स्वतःच्या गाडीचें मोल निराळें सांगावयास नको. नवी गाडी परवडत नाहीं. म्हणून दहा-पंधरा वर्षें चाललेली चारशेसात पाहावयाची, हा सरळ हिशेब आहे. टाटांची ही गाडी १९८६ सालीं बाजारांत आली. तिचें सुटें सामान तालुक्याच्या गांवीं मिळतें आणि तिची दुरुस्ती जाणणारा माणूस जवळपास कोठें तरी आढळतोच. तेव्हां आमचा वाद गाडीशीं नाहीं. गाडी घेतांना आपण काय पाहतों आणि काय पाहत नाहीं, याविषयीं चार शब्द लिहावे असें बरेच दिवस मनांत होतें. त्यास जें निमित्त झालें तें आमच्याच घरचें आहे, म्हणून दुसऱ्यावर टीका केल्याचा दोष आम्हांवर येऊं नये.

गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुमारास आमच्या पुतण्यानें एक जुनी चारशेसात ठरविली. आमची हयात महसूल खात्याच्या कारकुनींत गेलेली, तेव्हां कागद पाहण्याचें काम साहजिकच आमच्याकडे आलें. सातबारा आणि फेरफार ज्या रीतीनें तपासावे त्याच रीतीनें आम्हीं तें केलें. सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक नोंदणीपुस्तकाशीं आंकडा आंकडा लावून पाहिला; बँकेचा बोजा उतरल्याची नोंद पाहिली; विमा, कर, थकलेलीं ई-चलानें पाहिलीं. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीस योग्यतेचें प्रमाणपत्र दर वर्षीं घ्यावें लागतें, त्याची मुदत पाहिली. नमुना २९ व ३० यांवर विकणाऱ्याच्या सह्या समक्ष घेतल्या, आणि विक्रीची वर्दी त्यानें १४ दिवसांत द्यावयाची असते हेंही त्यास बजाविलें. दुसरीकडे पुतण्या व त्याचे सोबती इंजिनाचा आवाज ऐकत होते, टायर दाबीत होते, फाळके ठोकून पाहत होते. या सर्व खटाटोपांत तीन तास गेले.

दिवे लावून मात्र कोणीं पाहिले नाहींत. म्हणजे बटण दाबलें होतें. दुपारच्या दोन वाजतांच्या उन्हांत कांचेच्या आड एक पिवळा ठिपका दिसला, पुतण्या म्हणाला, "तात्या, दिवे लागतात," आणि आम्हीं मान हलविली. कागद पाहून समाधान मानणाऱ्या आणि शिवेवर पाऊल न ठेवणाऱ्या जमीन-खरेदीदारास आम्ही जन्मभर हंसत आलों. त्याच पंक्तींत आम्ही जाऊन बसलों.

पहिली फेरी कल्याणच्या बाजाराची ठरली. आळेफाट्यावरून ओतूर, पुढें माळशेज घाट, असा रस्ता. हौसेनें आम्हीही पुढच्या बाकावर बसलों. गांवांतले दिवे मागें पडले आणि मग ध्यानांत आलें कीं, आपल्या पुढें जो उजेड पडला आहे तो कंदिलापेक्षां फारसा निराळा नाहीं. रस्त्याची डावी कड दिसेना. पुतण्या सवयीनें गाडी हांकीत होता, डोळ्यांनीं नव्हे. ओतूरच्या अलीकडे उंसाची एक ट्रॉली आंस मोडून रस्त्यांतच उभी होती. तिला मागें ना दिवा, ना लाल परावर्तक पट्टी. राखणदारानें आपल्या रिवाजाप्रमाणें चार धोंडे मांडून ठेवले होते. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारें वाहन एका सेकंदांत सुमारें १७ मीटर जातें. माणसाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एक-दीड सेकंद निघून जातो, आणि भरलेली जुनी गाडी थांबावयास पुढें तितकेंच अंतर किंवा अधिक लागतें. आम्हांस ट्रॉली दिसली तेव्हां ती वीस पावलांवर होती. सुदैवानें चढ होता आणि वेग कमी होता. एक धोंडा पुढच्या चाकाखालीं गेला, एवढ्यावर निभावलें. राखणदारास आम्हीं बरेंच फैलावर घेतलें. परंतु त्याच्या चुकीइतकीच आमची होती, हें त्या वेळीं सुचलें नाहीं.

येथपर्यंतची गोष्ट थोड्याबहुत फरकानें पुष्कळांच्या घरीं घडली असेल. पुढची गोष्ट लिहितांना मात्र आमचा हात अडखळतो. परत आल्यावर पुतण्यानें दुसऱ्याच दिवशीं जुने बल्ब काढून बाजारांतले पांढरेशुभ्र एलईडी बल्ब बसविले. अंगणांत उजेड पाडून दाखविला तेव्हां गोठ्यावरचीं कौलें मोजतां आलीं असतीं. आम्ही खूष झालों, घरचीं माणसें खूष झालीं. चौथ्या दिवशीं पहांटे बाजाराहून परतत असतां समोरून आमच्याच गांवचा दूधवाला मोटारसायकलीवर डेअरीकडे चालला होता. तो रस्ता सोडून चारींत गेला. उजवा हात मोडला, चाळीस लिटर दूध मातींत गेलें. आमची गाडी त्यास शिवलीही नव्हती. इस्पितळांत भेटावयास गेलों तेव्हां तो म्हणाला, "तात्या, गाडी दिसलीच नाहीं मला. एकदम उजाडल्यासारखें झालें, आणि मग कांहींच दिसेना." पुतण्यानें डिपर मारला होता काय, असें आम्हीं मागाहून विचारलें. मारला होता. डिपर मारूनही उजेड खालीं आला नव्हता.

त्यानंतर आम्ही नारायणगांवच्या एका जुन्या वायरमनकडे गाडी घेऊन गेलों. मराठी शाळेंत शिकलेल्या आम्हांस विजेचें शास्त्र बेताचेंच ठाऊक. पण त्या गृहस्थानें तें आम्हांस समजेल अशा रीतीनें दाखविलें, म्हणून येथें जरा विस्तारानें लिहितों. त्यानें आधीं जुने हॅलोजन बल्ब पुन्हां बसविले व इंजिन चालूं ठेवून दाब मोजला. बॅटरीशीं १३.६ व्होल्ट होते, बल्बाशीं ११.४. मधले दोन व्होल्ट कोठें गेले? गाडीच्या बॅटरीपासून वीज आधीं चालकापुढच्या बटणांत, तेथून डिपरच्या बटणांत, आणि मग बारीक, जुनाट, जागोजागीं जोडलेल्या तारांतून दिव्यांत जात होती. कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यास पाणी कसें मिळतें हें ज्यास ठाऊक आहे, त्यास यापेक्षां अधिक सांगणें नको. आणि यांतली मख्खी अशी कीं, हॅलोजन बल्बाचा दाब शेकडा १० नें घटला तर प्रकाश शेकडा १० नें घटत नाहीं, सुमारें ३० नें घटतो. आमच्या गाडीच्या बल्बांस मिळावयास हव्या त्या प्रकाशाचा निम्म्याहून किंचित् अधिक भाग मिळत होता. बल्ब निर्दोष होते. उपाशी होते इतकेंच.

त्यानें बॅटरीपासून दिव्यांपर्यंत जाड तार नवी टाकली, तिच्या मुळाशीं फ्यूज ठेवला, आणि झोतासाठीं एक व डिपरसाठीं एक असे दोन रिले बसविले. आतां बटणांतून जाते ती केवळ रिलेस हुकूम देण्यापुरती वीज. दिव्यांची वीज जवळच्या वाटेनें थेट जाते. गंजलेली अर्थिंगची जागा घांसून लखलखीत केली. एका दिव्याच्या आंतलें रुपेरी परावर्तक काळवंडलें होतें. तो दिवा सबंध बदलला, कारण असें परावर्तक पुसून सुधारत नाहीं. बल्ब तोच ठेवला, ६०/५५ वॅटचा. सर्व मिळून खर्च तीन हजारांच्या आंत आला. गाडी घेतल्यावर हौदास रंग, मागें नक्षी आणि सुरेल भोंगा यांवर आम्हीं याच्या चौपट पैसे उडविले होते, हें कबूल केलें पाहिजे.

एलईडी बल्बाचा दोष काय, असें आम्हीं विचारलें. तो म्हणाला कीं, दिव्याचें परावर्तक एका विशिष्ट जागीं असलेल्या बारीक तारेच्या उजेडासाठीं घडविलेलें असतें. तेथें दुसऱ्या आकाराचा उजेड ठेवला कीं झोत फुटतो, आणि रस्त्यावर पडावयाचा प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत व झाडांच्या शेंड्यांत जातो. शिवाय माळशेजच्या आषाढांतल्या धुक्यांत असा झोत उलटून आपल्याच तोंडावर येतो. ९०-१०० वॅटचे बल्ब घालणारे दुसरी चूक करतात: जुन्या तारा व बटणें तापून वितळतात. मूळचाच दिवा एलईडीसाठीं घडविलेला असेल तर गोष्ट निराळी.

राहिली दिव्याच्या नजरेची गोष्ट. सपाट जागीं, भिंतीपासून १० मीटरांवर गाडी उभी करावी, दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खुणावी, आणि डिपरच्या उजेडाची वरची कड त्या खुणेच्या सुमारें १० सेंटिमीटर खालीं आणावी. आपण डाव्या बाजूनें चालतों, म्हणून ही कड डावीकडे थोडी चढती असते, उजवीकडे नव्हे. परंतु हें सर्व गाडी भरलेली असतांना करावें. पाट्यांवर मागें माल पडला कीं गाडीचें नाक वर उचलतें, आणि रिकामी असतां नीट लावलेला दिवा समोरच्याच्या कपाळावर जातो. आपल्या गाड्या रात्रीं रिकाम्या जात नाहींत.

कित्येकांचें म्हणणें असें पडतें कीं, समोरचा लखलखाट करून येतो, मग आपणच दिवे खालीं कां ठेवावे? या युक्तिवादाचें आम्हांस नेहमीं नवल वाटतें. समोरचा आंधळा झाला तर तो आपल्यावरच येणार. कायदाही या बाबतींत मोघम नाहीं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ असें सांगतो कीं, दिव्यापुढें ८ मीटरांवर, किंचित् उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याचे डोळे दिपतां कामा नयेत. मोटारसायकलीवर बसलेल्या दूधवाल्याचे डोळे याच उंचीच्या आसपास येतात.

सोसायटीच्या चालकांस आमची एक विनंति आहे. गोदामाची पश्चिमेची भिंत पांढरी व पुढचें पटांगण सपाट आहे. तेथें अंतराची एक रेघ जमिनीवर आखून ठेवावी, आणि उंसाचा हंगाम सुरू होण्यापूर्वीं एका संध्याकाळीं सभासदांनीं आपल्या गाड्या, ट्रॅक्टर व ट्रॉल्या आणाव्या. ट्रॉल्यांस त्याच वेळीं लाल पट्ट्या लावून घ्याव्या. आम्हीं आमच्या घराच्या भिंतीवर गेरूनें खुणा करून हा प्रयोग केला. शेजारच्या पांच गाड्या आल्या. त्यांतील एकीचे दोन्ही दिवे नीट होते, एकीचा डावा दिवा थेट आमच्या चिंचेवर पडत होता, आणि तिचा मालक ती तीन वर्षें तशीच चालवीत होता. स्वभावानें तो गृहस्थ अत्यंत सावध आहे.

दूधवाल्याच्या हाताचा खर्च पुतण्यानें दिला. हात बरा झाला आहे, आणि तो पुन्हां डेअरीवर जाऊं लागला आहे. मात्र पहांटे आमची गाडी समोरून येतांना दिसली, कीं तो अजून मोटारसायकलीवरून उतरतो आणि ती जाईपर्यंत बांधाशीं उभा राहतो.