आगंतुकांची बाजू

2024 सालच्या गणपतीत आमच्या घरी एका मुलाची यथेच्छ टिंगल झाली. मुलगा सातासमुद्रापलीकडे होता, म्हणून ती टेलिफोनवरून झाली, एवढाच काय तो फरक. माझा भाचा तेव्हा अमेरिकेच्या मध्यभागातील एका मोठ्या सरकारी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होता. जन्म तिकडचाच. शाळेत असताना तो लांब पल्ल्याच्या शर्यती धावे. बाकी मैदानाशी त्याचा संबंध प्रेक्षकाचा. अशा या मुलाने एका सकाळी उठून विद्यापीठाच्या फुटबॉल संघासाठी चाचणी दिली आणि त्याच संध्याकाळी तो नापास झाला. ताई हसली. दाजी म्हणाले, "अरे, आयुष्यात कधी तो चेंडू हातात धरला होतास का?" आमच्या आईने त्या वेळात अभ्यास केला असता तर काय झाले असते, त्याचा हिशेब मांडला. आणि खरे सांगायचे तर सर्वांत मोठ्याने मीच हसलो. माझी ही तक्रार त्या हसण्याविरुद्ध आहे. ती वाचून आणखी काही घरांतले हसणे थांबले तर मला हवेच आहे.

प्रथम खेळ कोणता ते सांगितले पाहिजे. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अकरा-अकरा जणांचे दोन संघ, लंबगोल चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर चिलखतासारख्या गाद्या, आणि शंभर यार्डांच्या मैदानावर इंचाइंचासाठी चाललेली झोंबाझोंबी. तिकडच्या विद्यापीठांत हा खेळ म्हणजे ग्रामदैवताची जत्राच. एकट्या मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाख सात हजारांवर माणसे बसतात. एवढ्या माणसांसमोर खेळणारी मुले अर्थातच वर्गातून उचललेली नसतात. ती गावोगावच्या शाळांतून हेरून, मिनतवारी करून आणलेली असतात. त्यांची फी, राहणे, जेवण सारे विद्यापीठाकडे. वरच्या श्रेणीच्या विद्यापीठाला अशा 85 शिष्यवृत्त्या देता येत, आणि हा नियम तीसएक वर्षे चालला.

पण या 85 जणांपलीकडे त्या संघांत आणखी एक जात असे. तिला तिकडे 'वॉक-ऑन' म्हणतात. म्हणजे आपल्या पायांनी चालत आलेला. शिष्यवृत्ती नाही, फी आपल्या खिशातून, मेहनत मात्र इतरांइतकीच. त्यातही काहींना प्रशिक्षकांनी आधीच 'ये' म्हटलेले असते. खरा आगंतुक तो, जो भिंतीवरची सूचना वाचून येतो आणि ज्याचे नावही तिथे कोणाला ठाऊक नसते. आमचे चिरंजीव या शेवटच्या पंक्तीतले.

नुसते येऊनही चालत नाही. पूर्ण वेळेचा विद्यार्थी असल्याचा दाखला हवा, डॉक्टरांची तपासणी हवी, आणि सिकलसेलचा अहवाल हवा. या शेवटच्या कागदामागे एक दुःखद हकीकत आहे. 2006 साली राइस विद्यापीठाचा एकोणीस वर्षांचा एक खेळाडू सरावानंतर कोसळला आणि दगावला; त्याच्या रक्तात या विकाराचा अंश होता आणि ते कोणाला माहीत नव्हते. त्याच्या आईबापांनी दाद मागितली, आणि 2010 पासून ही तपासणी नियमात आली. आपल्या गडचिरोली-नंदुरबारकडच्या वाचकांना या विकाराची ओळख करून द्यायला नको. भाच्याचा अहवाल त्याच्या जन्माच्या वेळच्या कागदांत निघाला. त्यासाठी ताईने दोन रात्री कपाट उपसले. हसली ती त्यानंतर.

चाचणी अशी झाली. सकाळी सहाला मैदानावर हजर. प्रथम चाळीस यार्ड धावणे, म्हणजे आपले छत्तीस-सदतीस मीटर. संघातले चपळ गडी हे अंतर साडेचार सेकंदांत कापतात. भाच्याला 5.1 लागले. मग शंकूंच्या मधून उजवीकडे-डावीकडे वळणे. तिथे तो एकदा घसरला. मग चेंडू झेलणे. त्याने पहिला चेंडू छातीशी कवटाळला, तेव्हा प्रशिक्षकाच्या मदतनिसाने सांगितले, बोटे पसर आणि तळव्यांत घे. दुसरा सुटला. तिसरा आणि चौथा त्याने तळव्यांत घेतला. मला हे सांगताना तो म्हणाला, "मामा, तिसरा हातात आला ना, तेव्हा त्याचा आवाज वेगळा आला." संध्याकाळी पत्र आले. चौघांना घेतले होते. त्यात हा नव्हता.

आता यात हसण्यासारखे नेमके काय आहे, ते मला कोणी समजावून सांगावे. पाच-सहा सेकंद धावण्यासाठी मुलगा महिनाभर पहाटे उठला, अनोळखी माणसांसमोर आपला उणेपणा उघडा करायला राजी झाला, जे येत नव्हते ते तासाभरात थोडे शिकला, आणि 'नाही' हे उत्तर ऐकून दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन बसला. आमच्या दाजींचे म्हणणे असे की, निवड होणारच नव्हती तर जायचे कशाला? हाच प्रश्न त्यांनी स्वतःच्या तरुणपणी नोकरीसाठी पाठवलेल्या अर्जांना कधी विचारला नाही. अर्ज नोकरीचा असेल तर ते धैर्य, आणि मैदानाचा असेल तर पोरकटपणा, असा हा न्याय आहे. आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गाने मुलांना एक गोष्ट पक्की शिकवली आहे: जिथे पहिला येणार नाहीस तिथे उभाच राहू नकोस. मग ही मुले गात नाहीत, पोहत नाहीत, नाटकात भाला धरून उभीसुद्धा राहत नाहीत.

दुसरा पक्ष मला याहून घातक वाटतो, कारण तो गोड बोलतो. हा पक्ष सिनेमा पाहून तयार झालेला आहे. नोत्र दाम विद्यापीठाच्या रूडी रूटिगरवर 1993 साली एक चित्रपट निघाला. चौदा भावंडांतला हा मुलगा, उंची साडेपाच फूट, वाचनात अडखळणारा. नौदलात नोकरी केलेली, तीन वेळा प्रवेश नाकारला गेलेला. शेवटी तो विद्यापीठात शिरला, दोन वर्षे सरावात मार खाल्ला, आणि 8 नोव्हेंबर 1975 रोजी जॉर्जिया टेकविरुद्धच्या सामन्यात शेवटच्या काही सेकंदांत मैदानात उतरून त्याने प्रतिपक्षाच्या सूत्रधाराला लोळवले. सोबत्यांनी त्याला खांद्यावर घेतले. हे सारे खरे. पण चित्रपटाला एवढ्याने भागेना. त्यात प्रशिक्षक डॅन डिव्हाइन यांना खलनायक केले, आणि एकेक खेळाडू येऊन आपला सदरा त्यांच्या टेबलावर टाकतो, 'माझ्याऐवजी रूडीला खेळवा' म्हणतो, असा प्रवेश घातला. असे काही घडलेच नव्हते; रूडीला सदरा द्यायचा हे डिव्हाइननी आपणच ठरवले होते. भला माणूस, खलनायक व्हायलाही राजी झाला!

माझे भांडण या प्रवेशाशी नाही, त्यातून निघणाऱ्या शिकवणीशी आहे. शेवटी खांद्यावर मिरवले तरच खाल्लेला मार सार्थकी लागला, असे ते चित्र सांगते. आगंतुकाचे खरे काम काय असते? पुढच्या शनिवारी ज्या संघाशी गाठ आहे, त्याच्या चाली मंगळवार-बुधवारी हुबेहूब करून दाखवायच्या, म्हणजे आपल्या शिष्यवृत्तीवाल्यांना त्या मोडण्याचा सराव होईल. म्हणजे आठवडाभर शत्रूची सोंगे घ्यायची, आपल्याच माणसांकडून आपटून घ्यायचे, आणि शनिवारी काठावर उभे राहायचे. बहुतेकांची चार वर्षे अशीच जातात आणि त्यांच्यावर चित्रपट निघत नाही. याच पक्षाचे लोक मग बेकर मेफिल्डचे नाव घेतात, की तो असाच आला आणि 2017 साली त्याने हाइझमन पारितोषिक घेतले, किंवा जे. जे. वॉटचे, की तो दुसरीकडची शिष्यवृत्ती सोडून विस्कॉन्सिनमध्ये स्वखर्चाने आला आणि पुढे धंदेवाईक खेळात वर्षातला उत्तम बचावपटू तीनदा ठरला. नावे खरी आहेत, युक्तिवाद खोटा आहे. दार उघडे ठेवायचे ते कधीकाळी एखादा मेफिल्ड येईल म्हणून, असे म्हटले की बाकीचे सगळे चाळणीतला कोंडा ठरतात.

त्यापेक्षा मला टेक्ससची ती जुनी गोष्ट आवडते. 2 जानेवारी 1922 रोजी डॅलस शहरात टेक्सस ए अँड एम कॉलेजचा सामना सेंटर कॉलेजशी चालला होता. एकामागून एक गडी जायबंदी होऊन राखीव खेळाडू संपत आले. ई. किंग गिल नावाचा एक विद्यार्थी, जो फुटबॉल सोडून बास्केटबॉलकडे वळला होता, वर वार्ताहरांच्या सज्जात खेळाडू ओळखून द्यायला बसला होता. प्रशिक्षक डॅना बायबल यांनी त्याला खाली बोलावले. एका जखमी खेळाडूचा पोषाख चढवून तो मैदानाच्या कडेला उभा राहिला, आणि सामना संपेपर्यंत उभाच राहिला. त्याला आत जावेच लागले नाही. संघ 22–14 असा जिंकला. न खेळलेल्या या मुलाचा पुतळा तिथे उभा आहे, आणि त्या विद्यापीठाचे विद्यार्थी सामनाभर बसत नाहीत. बोलावणे आलेच तर तयार असावे म्हणून उभे राहतात. 1983 साली तिथल्याच प्रशिक्षक जॅकी शेरिल यांनी सुरुवातीचा चेंडू मारल्यावर धावून जाणारी तुकडी सर्वसाधारण विद्यार्थ्यांतून निवडायचे ठरवले, तेव्हा चाचणीला दोनशेहून अधिक जण आले. त्यातले बहुतेक परत गेले असणार, हे उघडच आहे.

आणि आता हे दारच लोटले जात आहे. 6 जून 2025 रोजी तिकडच्या न्यायालयाने एका मोठ्या तडजोडीला मंजुरी दिली. तिच्यामुळे विद्यापीठे खेळाडूंना उत्पन्नातला थेट वाटा देऊ लागली; पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत वाटण्याची मुभा मिळाली. ज्यांच्या घामावर लाखो तिकिटे खपतात त्यांना पैसे मिळावेत, यात मला आनंदच आहे. पण त्याच तडजोडीत शिष्यवृत्त्यांची मर्यादा काढून संघातल्या एकूण डोक्यांवर 105 ची मर्यादा घातली गेली. श्रीमंत विद्यापीठांनी सगळे चांगले गडी साठवून ठेवू नयेत, म्हणून काही तरी कुंपण हवे होते, हे मी समजू शकतो. परंतु पूर्वी अनेक संघांत 120 वर मुले असत. कात्री कोणावर चालली, हे सांगायला गणिताचा मास्तर नको. न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी संघातून काढल्या जाणाऱ्या मुलांसाठी मंजुरी अडवून धरली आणि त्यांना सूट मिळवून दिली, याबद्दल त्यांना दुवा द्यावा. पण ज्याने अजून सूचना वाचलेलीच नाही, त्याच्या वतीने त्या न्यायालयात कोण उभे राहणार होते?

कोणी म्हणेल, सव्वाशे किलोच्या पैलवानांत कोवळी पोरे सोडायची काय? त्यासाठीच तर डॉक्टर आहे, चाचणी आहे, आणि 'नाही' म्हणणारा प्रशिक्षक आहे. भाच्याला त्यांनी नाहीच म्हटले. माझे मागणे 'नाही' हा शब्द त्याला तोंडावर ऐकू यावा एवढेच आहे. कागदावरच्या आकड्याने तो परस्पर सांगू नये.

हे लिहिताना माझ्याही घरातले थोडे सांगितले पाहिजे, नाही तर अमेरिकेला उपदेश करणारा मास्तर म्हणून मी शोभून दिसेन. आमच्या शाळेत खोखोचा संघ निवडण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे होते. माझा वेळ वाचावा म्हणून मी फळ्यावर लिहीत असे: 'पूर्वी खेळलेल्यांनीच यावे.' सातवीतला एक मुलगा दोन दिवस मैदानाच्या कडेला दप्तर घेऊन उभा होता. मी त्याला विचारले, "काय रे, काय हवंय?" तो म्हणाला, "काही नाही, सर," आणि घरी गेला. तो कसा पळे, हे मला आजही माहीत नाही. ती ओळ मी फळ्यावर किती वर्षे लिहिली, ते मोजण्याचे धैर्य मला झालेले नाही.

2025 च्या ऑगस्टमध्ये भाचा पुन्हा पहाटे उठू लागला होता. चाळीस यार्ड 4.9 वर आणले म्हणाला. एक मित्र त्याला संध्याकाळी चेंडू टाकून देई. सप्टेंबर उजाडला तरी सूचना लागली नाही. तो कचेरीत जाऊन विचारून आला. यंदा चाचणी नाही, असे एका बाईंनी त्याला फार नम्रपणे सांगितले. गणपतीत फोन केला तेव्हा दाजींनी विचारले, "मग या वर्षी काय झालं तुझ्या फुटबॉलचं?" या खेपेला कोणी हसले नाही. तो म्हणाला, "काही नाही. झालंच नाही." मग त्याने आईला विचारले, उकडीचे मोदक किती केलेत.