विकायचं नाहीये!

उद्या सबमिशन असतं. हॉस्टेलच्या सगळ्या रूममध्ये जर्नल उतरवणं जोरात चालू असतं आणि मी मात्र रंगीत कागदाच्या पट्ट्या गुंडाळत बसलेली असते. क्विलिंगचे झुमके! रूममेट डोकावते, "भारी करायलीस गं!" आणि पुढच्याच क्षणाला, "विकत का नाहीस? इन्स्टावर पेज काढ की!"

मित्र-मैत्रिणींनो, आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण हा प्रश्न मला मराठीतच विचारला जातो, म्हणून उत्तरही मराठीतच देतेय. एखादी गोष्ट छान झाली की आपण लगेच तिचा भाव का काढतो?

मागच्या वर्षी मी या कौतुकाला भुलले. राखीच्या ऑर्डरी घेतल्या. 30 राख्या, 40 रुपयाला एक. म्हणजे 1200 रुपये. मणी, रेशीम, फेव्हिकॉल यात 300 गेले. एका राखीला दीड तास, म्हणजे एकूण 45 तास. इंजिनिअरिंगवाले आहोत, भागाकार करून बघा. तासाला फक्त 20 रुपये! पण पैशाचं सोडा. "मला सेम टू सेम तिच्यासारखीच हवी", "पिंक नको, पर्पल कर" हे ऐकत ऐकत दहाव्या राखीपर्यंत माझा हात नुसता मशीनसारखा चालायला लागला. आणि शेवटी काय झालं माहितीये? माझ्या सख्ख्या भावाची राखी करायला वेळच उरला नाही. त्याला दुकानातली पाठवली. फोनवर तो एवढंच म्हणाला, "ताई, या वर्षी तू केली नाहीस का?" त्याला काय सांगणार, तुझी राखी सोडून बाकी 30 केल्या म्हणून?

दुसरी गोष्ट त्याहून टोचली. परभणीत गांधी पार्कला मणी आणायला गेले होते. हातगाडीवर राख्या, बांगड्या विकणाऱ्या एक मावशी सहज म्हणाल्या, "आता कॉलेजच्या पोरीच घरी करून विकायल्यात, आमच्याकडं कोण येतंय?" मी गप्प. माझी मेस, माझी फी घरून येते. म्हणून मला 20 रुपये तासाने काम करणं परवडतं. मावशींचं घर त्या गाडीवर चालतं, त्यांना कसं परवडणार? माझी हौस कुणाच्या तरी पोटावर येऊ शकते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग मला सेलूची आजी आठवली. संक्रांत जवळ आली की ती हलवा करायला बसायची. मंद आचेवर परात, परातीत तीळ, वरून चमचा-चमचा साखरेचा पाक आणि बोटांनी सतत हलवणं. बोटं पोळायची, पण त्याशिवाय हलव्याला काटा येत नाही. मग तोच हलवा दोऱ्यात गुंफून दागिने करायचे. नव्या नवरीला काळ्या साडीवर हार, बाजूबंद, बिंदी, आणि लहान बाळाला बोरन्हाणाला मुकुट. काही दिवसांची मेहनत, आणि दागिना फक्त एका दिवसाचा! बोरन्हाण झालं की आम्ही पोरं तो मुकुट तोडून खायचो. आजीला कधीच वाईट वाटलं नाही. तो त्या एका बाळासाठी होता, एवढंच. आज असे सेट दुकानात रेडिमेड मिळतात. चांगलंच आहे, ज्यांना जमत नाही त्यांची सोय झाली. पण आजीला कुणी "कितीला देणार?" विचारलं असतं तर ती हसली असती.

म्हणजे कला विकणं वाईट का? अजिबात नाही! कोकणातल्या सावंतवाडीचा गंजिफा बघा. हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी संचात दहा अवतारांचे प्रत्येकी 12, असे 120 पत्ते. छापील पत्ते आले आणि ही कला जवळजवळ संपली होती. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या जुन्या कलाकाराकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच काम सुरू केलं. तिथे पत्ते विकले जातात आणि विकलेच पाहिजेत, कारण त्यावर कारागिरांची घरं चालतात. अशा वस्तूला घासाघीस न करता पूर्ण किंमत द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण ज्यावर आपलं पोट नाही, ती एक तरी गोष्ट बिनहिशोबी राहू द्या ना! इथे मार्क, सी.जी.पी.ए., अटेंडन्स, प्लेसमेंटचं पॅकेज, सगळ्यालाच आकडा आहे. वाकडी आली तरी चालेल अशी एकच जागा माझ्याकडे आहे, ती म्हणजे माझे झुमके आणि वाढदिवसाची रंगवलेली कार्डं. कार्ड रंगवताना तासभर मी फक्त त्या एका मैत्रिणीचा विचार करते. तिला काय आवडतं, ती कशावर हसते... हा तास कुठल्या रेटने लावायचा?

या वर्षी भावाची राखी सगळ्यात आधी करणार आहे. तुम्हाला झुमके आवडले असतील तर रविवारी खुशाल रूमवर या. चहा तुमचा, कात्री आणि फेव्हिकॉल माझं. विकत मिळणार नाहीत, पण शिकवीन मात्र नक्की!