थर्मोस्टॅट काढणाऱ्यांशी माझं भांडण

मागच्या आठवड्यात गावी शेजारच्या पोराने आपली जुनी डिझेल पिकअप दारात आणून उभी केली. पुण्याहून माल भरून येताना खंबाटकी घाटात ती तापायची.

"आता एकदम थंड चालते काका," तो खुशीत म्हणाला. "मिस्त्रीने थर्मोस्टॅटच काढून टाकला."

"पण तापायची कशामुळं?"

"ते नाही विचारलं."

माझं भांडण या "नाही विचारलं"शी आहे. मित्रांनो, हे भांडण जुनं आहे आणि त्यातला पहिला गुन्हेगार मी स्वतः आहे.

जैसलमेरकडे पोस्टिंगला होतो. नवा ड्रायव्हर, अंगात मस्ती. एक जुनी डिझेल गाडी दुपारी हमखास तापायची. मी थर्मोस्टॅट उपटला, गॅस्केट लावलं, काटा खाली आला. सगळ्यांनी पाठ थोपटली. फक्त एमटीचे उस्ताद गप्प होते. महिन्याभरात तीच गाडी पुन्हा तापायला लागली, तेव्हा त्यांनी माझ्यासमोर रेडिएटर खोलायला लावला. आतल्या नळ्या पांढऱ्या क्षाराने बुजल्या होत्या. आम्ही रोज बोअरचं खारं पाणी ओतत होतो ना! उस्ताद एवढंच म्हणाले, "बेटा, गाडी तुझे बता रही थी. तूने उसका मुँह बंद कर दिया."

तिथं निदान जीवावर बेतलं नाही. लडाखमध्ये बेतलं असतं.

जानेवारीत आम्ही चौघे भाड्याच्या एका जुन्या पिकअपमधून चांग ला ओलांडत होतो. उंची सुमारे ५३६० मीटर. चढ कसाबसा संपला. तांगत्सेच्या बाजूने उतरायला लागलो आणि काच आतून गोठायला लागली. हीटर पूर्ण चालू होता, पण हवा थंडगार. चौघांचा श्वास काचेवर बर्फ होऊन बसत होता. ड्रायव्हर एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातातल्या प्लास्टिकच्या कार्डाने काच खरवडत होता. एका वळणावर त्याला रस्त्याची कडा दिसलीच नाही. मी ओरडलो, त्याने ब्रेक मारला. उतरून पाहिलं तर पुढचं चाक कडेपासून हातभर अंतरावर होतं. टॉर्चच्या उजेडात काटा पाहिला, तो तळाशी झोपला होता. विचारल्यावर कळलं, उन्हाळ्यात खाली मैदानात गाडी तापली म्हणून मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढला होता. बिचाऱ्या ड्रायव्हरला वाटत होतं, गाडी थंड आहे म्हणजे तब्येतीने चांगली आहे.

हे असं का होतं ते सरळ सांगतो. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनाच्या दारातला संत्री. आत मेण असतं. पाणी साधारण ८२ अंशांच्या आसपास तापलं की मेण फुगतं, दार उघडतं आणि पाणी रेडिएटरकडे जातं. तोवर ते इंजिनातच फिरतं, म्हणून इंजिन लवकर गरम होतं. संत्री हटवला की दार कायम उघडं. उतारावर इंजिनावर भार नसतो, समोरून गार वारा असतो, मग पाणी तापणार कसं? आणि हीटरला उष्णता मिळते ती याच पाण्यातून.

"आपल्याकडे कुठं बर्फ पडतो?" असं मिस्त्री म्हणतात. मान्य, पडत नाही. पण डिझेल इंजिन थंड चाललं की डिझेल पुरतं जळत नाही. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं, ऑइल पातळ होतं, रिंगा आणि लायनर झिजतात. सकाळी पांढरा धूर, ॲव्हरेज कमी, दोन वर्षांनी इंजिनचं काम. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तिथं तो काढला की बरंचसं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येतं, आणि घाटात गाडी उलट जास्त तापते!

खरा चोर बहुतेक वेळा दुसराच असतो. रेडिएटरचं झाकण घ्या. त्याची स्प्रिंग पाण्यावर दाब ठेवते, म्हणून पाणी उशिरा उकळतं. चांग लाच्या उंचीवर उघडं पाणी ८२-८३ अंशांनाच उकळतं, म्हणजे थर्मोस्टॅट उघडतो न उघडतो तोच. झाकणाचं रबर फाटलेलं असेल तर पाणी उकळून बाहेर येणारच. झाकण धड असेल तर तेच पाणी तिथंही शंभरच्या पुढे टिकतं. दोष झाकणाचा आणि शिक्षा थर्मोस्टॅटला, हा कुठला न्याय?

एक गोष्ट कबूल करतो. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आणि गाडी रानात उभी राहिली, तर तो काढा आणि घर गाठा. मीही तेच करीन. पण दुसऱ्या दिवशी नवा बसवा. जखमेवर बांधलेली फील्ड पट्टी कुणी वर्षभर ठेवतं का? नवा थर्मोस्टॅट टाकीभर डिझेलपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. शंका असेल तर जुना पातेल्यात दोरीने लटकवून पाणी तापवा, उघडतो की नाही ते डोळ्यांनी दिसेल.

माझे अनेक माजी सैनिक बांधव पेन्शनवर आल्यावर अशीच जुनी पिकअप घेतात. त्यांना एकच म्हणणं आहे. फर्स्ट परेड गावी आल्यावर बंद करू नका. सकाळी थंड इंजिनावर पाण्याची पातळी, फॅनबेल्ट, होज, झाकणाचं रबर बघा. रेडिएटरच्या जाळीतला चिखल-भुसा धुऊन काढा. बोअरचं पाणी नको, कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मं-निम्मं घाला. असं मिश्रण उणे ३५ अंशांपर्यंत गोठत नाही आणि आतला गंजही रोखतं. निव्वळ कूलंट ओतणं हा शहाणपणा नव्हे, ते मिश्रणाच्या कितीतरी आधी गोठतं. घाटात एक गिअर खाली चालवा, म्हणजे पंप आणि फॅन जोरात फिरतात. काटा चढला तर भार कमी करा, हीटर पूर्ण सोडा. गरम झाकणाला हात लावू नका आणि तापल्या इंजिनावर गार पाणी मारू नका, हेड तडकतं.

शेजारच्या पोराची गाडी आम्ही दोघांनी रविवारी खोलली. झाकणाचं रबर चिरलेलं, जाळी मातीने लिंपलेली. दोन्हींचा बंदोबस्त केला, नवा थर्मोस्टॅट बसवला. काल तो माल भरून घाट चढून आला आणि फोनवर म्हणाला, "काका, काटा मधोमध उभा होता, हललाच नाही."

मी म्हणालो, "तो तिथंच उभा राहायला हवा. त्याची ड्यूटी तीच आहे."

जय हिंद.