आधी कोणीतरी विणून पाहावे

परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिपना नदीच्या काठी सेमाडोह नावाचे गाव आहे. मेळघाट व्याघ्र प्रकल्पामुळे त्याचे नाव तुम्ही ऐकले असेल. वाघ पाहायला येणाऱ्यांना तेथील जंगल आठवते, मला मात्र तेथील थंडी आठवते. माझे वडील नोकरीनिमित्त काही वर्षे सेमाडोहला होते. मी अचलपूरला नानीकडे राहून उर्दू शाळेत शिकत होते आणि सुटीत घरी जात असे. डिसेंबरात सकाळी नदीवर धुके उतरले की समोरचे झाडही दिसत नसे. अशा ठिकाणी स्वेटर ही हौसेची वस्तू नसते.

मी आठवीत होते तेव्हाची गोष्ट आहे. दिवाळीच्या सुटीत अम्मीने धाकट्या भावासाठी स्वेटर विणायचे ठरवले. परतवाड्याहून लोकर आणली, सोबत विणकामाची एक छापील मराठी पुस्तिकाही आणली. अम्मीला मराठी बोललेले समजत असे, पण वाचता येत नसे. म्हणून सुटी संपण्यापूर्वी मी तो नमुना वाचून उर्दूत एका वहीत उतरवून दिला. सुलट म्हणजे सीधा, उलट म्हणजे उल्टा, टाका म्हणजे फंदा. काम सोपे वाटले. पाठीसाठी ७२ टाके घालायचे होते. बगलेपर्यंत सरळ विणून झाले की पुढचे वाक्य असे होते : 'दोन्ही बाजूंचे सहा टाके कमी करावेत.'

मी वहीत लिहिले, दोनों तरफ़ से छह-छह फंदे.

अम्मीने तसे केले. ७२ मधून १२ गेले, ६० उरले. गळ्यापर्यंत आल्यावर पुस्तिका सांगत होती की खांद्याचे २१ टाके विणा, मधले २४ मिटवा आणि दुसऱ्या खांद्याचे २१ विणा. पण एका बाजूला २१ आणि मध्ये २४ झाल्यावर दुसऱ्या खांद्याला १५ च टाके उरले. अम्मीला वाटले, विणताना टाके सुटले असतील. तिने बगलेपर्यंत उसवले आणि मोजून मोजून पुन्हा विणले. पुन्हा १५ च! मग सगळ्यांची नजर माझ्या वहीकडे वळली. मी पुढच्या सुटीत घरी गेले तेव्हा अब्बा हसत म्हणाले, "बेटी, मराठी ज़रा ध्यान से पढ़ा करो." ते रागावले नव्हते, पण मला ते फार लागले.

शेवटी शेजारच्या मावशींनी ते वाक्य वाचले. त्या वऱ्हाडातल्याच, मराठी त्यांच्या घरची भाषा. त्यांनी बोटांवर हिशेब केला. २१, २४ आणि २१ मिळून ६६ होतात. म्हणजे ७२ मधून सहाच जायला हवेत, एका बाजूचे तीन आणि दुसऱ्या बाजूचे तीन. लिहिणाऱ्याच्या मनात 'दोन्ही बाजूंचे मिळून' असे होते, पण 'मिळून' हा शब्द कागदावर आलाच नव्हता. स्वेटर पुरा झाला तेव्हा पळस फुलला होता. भावाने ती थंडी अब्बांचा जुना स्वेटर बाह्या दुमडून काढली.

त्यानंतर कितीतरी वर्षे मी स्वतःला मराठीत कच्ची समजत होते. आज मी शिक्षिका आहे. ते वाक्य आजही मनात वाचून पाहिले की त्यातून दोन्ही अर्थ निघतात. चूक माझ्या वाचनात नव्हती, ती वाक्यात होती. आणि ती छापण्यापूर्वी सहज सापडली असती, जर कोणीतरी तो कागद समोर ठेवून एक स्वेटर विणून पाहिला असता तर.

आज जगात पुष्कळ ठिकाणी ही पद्धत रूढ झाली आहे. नवा नमुना तयार करणारी व्यक्ती तो छापण्याआधी काही विणणाऱ्यांना पाठवते. ते आपल्या हाताने ती वस्तू विणतात. कोठे अडले, कोठे टाके जुळले नाहीत, लोकर किती लागली, हे सगळे लिहून कळवतात. यांतील बहुतेक जण हे काम स्वेच्छेने आणि विनामूल्य करतात. पूर्वी याची गरज नव्हती, कारण नमुना कागदावर नसे. विणकाम ही फार जुनी कला आहे. इजिप्तमध्ये सुमारे ११ व्या ते १३ व्या शतकातील निळ्या-पांढऱ्या सुताचे विणलेले मोजे सापडले आहेत आणि त्यांतील काहींवर अरबी अक्षरांची नक्षी आहे. स्पेनमधील बुर्गोस येथे १२७५ साली वारलेल्या फर्नांदो दे ला सेर्दा या राजपुत्राच्या थडग्यात विणलेल्या उशा मिळाल्या. त्यांतील एकीवर कुफी लिपीत 'बरकत' हा अरबी शब्द विणलेला आहे. ज्यांनी हे विणले त्यांच्यापुढे कोणतीही पुस्तिका नव्हती. उस्ताद शेजारी बसलेला असे. हात चुकला की तो लगेच धरत असे.

छपाई आली आणि उस्ताद शेजारून उठला. इंग्रजीत विणकामाच्या सूचना छापलेले पहिले ज्ञात पुस्तक १६५५ साली लंडनला निघाले. त्यातील मोज्याचा नमुना वाचून मोजा विणणे आजच्या जाणकारांनाही जड जाते! कागदाला प्रश्न विचारता येत नाही. 'मिळून की प्रत्येकी?' असे मी त्या पुस्तिकेला विचारू शकले असते, तर पंधरा टाक्यांचा खांदा झाला नसता.

काही जण म्हणतील, नमुना लिहिणारा स्वतःच एकदा तपासून का पाहत नाही? तो पाहतोच. पण त्याला जे म्हणायचे आहे तेच त्याला कागदावर दिसते. तुम्ही निबंध लिहून स्वतः तपासता तेव्हा गाळलेला शब्द डोळ्यांना दिसत नाही आणि शेजारच्या मुलाला तो पहिल्या क्षणी दिसतो, तसेच हे आहे. शिवाय प्रत्येकाचा हात निराळा असतो. कोणी लोकर सैल धरते, कोणी घट्ट. लिहिणाऱ्याच्या हाताने १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसत असतील, तर ७२ टाक्यांची रुंदी ३२.७ सेंटिमीटर होते. तेच टाके घट्ट हाताने १० सेंटिमीटरमध्ये २५ बसले, तर रुंदी २८.८ सेंटिमीटरच भरते. पुढचा आणि मागचा भाग जोडल्यावर छातीचा घेर जवळजवळ ८ सेंटिमीटरने कमी! स्वेटर आठ वर्षांच्या मुलासाठी विणायला घ्यावा आणि तो पाच वर्षांच्या मुलाला व्हावा, असा हा प्रकार. म्हणून चांगल्या नमुन्यात आधी एक लहान चौकोन विणून टाके मोजायला सांगितलेले असते. ती सूचना विसरली गेली आहे, हे दुसऱ्याच्या हाताशिवाय कळत नाही.

मग परीक्षण कोणी करावे? येथे माझे मत पुष्कळांना पटत नाही. लोक म्हणतात, सर्वांत कुशल हाताकडे द्या. मला अनुभव वेगळा आला. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त मराठी शिक्षिकेने सेमाडोह आणि आसपासच्या गावांतील मुलींसाठी टोपी आणि मोजे यांची एक लहान पुस्तिका लिहायला घेतली. मी स्वतःहून म्हटले, "बाई, छापण्याआधी आम्ही विणून पाहतो." टोपीचा कागद मी तिघींना दिला. एक माझी अम्मी, दुसऱ्या सेमाडोहच्या त्याच मावशी आणि तिसरी आमच्या शाळेतील नववीची एक मुलगी. तिला सुलट आणि उलट एवढेच येत होते.

अम्मीची टोपी तीन दिवसांत आली. सुंदर होती. अम्मी म्हणाली, कागद अगदी बरोबर आहे. मावशींनी टोपी विणलीच नाही. त्यांनी उलट निरोप पाठवला, "हे कोनाच्या डोक्साची टोपी हाय? लेकराची का मोठ्या मानसाची?" आम्ही कागद पाहिला. माप लिहायचेच राहिले होते. आणि नववीच्या मुलीने अर्धवट टोपी सुईसकट आणून माझ्यापुढे ठेवली. सोबत चिठ्ठी होती, "आपा, आठ सुलट, दोन एकत्र, असे नऊ वेळा झाले. सहा टाके उरले. त्यांचे काय करू?"

हिशेब सोपा होता. आठ आणि दोन मिळून दहा, नऊ वेळा म्हणजे ९०. कागदावर मात्र सुरुवातीला ९६ टाके घालायला सांगितले होते. मी अम्मीला विचारले, "तुझ्या टोपीत सहा टाके कुठे गेले?" ती म्हणाली, "अरे, ९६ कशाला? मी ९० च घातले, टोपीला तेवढेच लागतात." म्हणजे तिच्या हाताने चूक दुरुस्त केली होती आणि कागदावर ती तशीच राहिली होती. कुशल माणूस खड्डा ओलांडून जातो. खड्डा आहे हे त्याच्या लक्षातही येत नाही. नवशिका त्यात पडतो, आणि परीक्षणासाठी आपल्याला पडणाराच हवा असतो.

तुमच्यासाठी यात एक खास गोष्ट आहे. मराठी तुमची दुसरी भाषा आहे. तुम्ही प्रत्येक शब्द थांबून वाचता आणि अंदाजाने पुढे सरकत नाही. मराठी घरातली मुलगी 'दोन्ही बाजूंचे सहा' हे वाक्य कदाचित सवयीने वाचून जाईल. तुम्ही विचाराल, सहा म्हणजे कोणते सहा? अशी शंका आली की आपलेच मराठी कमी आहे असे आपण समजतो आणि गप्प बसतो. मीही तसेच केले होते. आपल्याकडे मोठ्यांच्या लिखाणात चूक काढणे बेअदबी मानतात, तोही एक अडसर आहे. त्या नववीच्या मुलीनेही आधी दोन दिवस चिठ्ठी दप्तरातच ठेवली होती. 'नमुना छान आहे' असे लिहून पाठवणारा परीक्षक लिहिणाऱ्याच्या काहीच उपयोगाचा नसतो.

आता पैशांविषयी. स्वेच्छेने काम करणे चांगले, पण विणणारीचा वेळ आणि लोकर फुकट येत नाही. एखाद्या स्वेटरला कित्येक आठवडे जातात. जो नमुना विकून लिहिणारा पैसे मिळवणार आहे, त्याच्या परीक्षणासाठी लोकरीची किंमत तरी त्याने द्यावी, असे मला वाटते. परीक्षकाला नमुना फुकट मिळतो ना, असे यावर उत्तर देतात. मला ते पटत नाही. चुका असलेला कागद हा मोबदला कसा होईल? बाईंची पुस्तिका विक्रीसाठी नव्हती, म्हणून आम्ही काही मागितले नाही. तरीही लोकर त्यांनीच दिली, आणि शेवटच्या पानावर तिघींची नावे घालायची असे त्यांनीच ठरवले. अम्मी आधी नको म्हणाली. मग तिने विचारले, "नाव उर्दूतही लिहितील का?"

टोपीचा कागद आता दुरुस्त झाला आहे. मोज्याचा अजून व्हायचा आहे. त्यात टाच वळवण्याची जागा अवघड आहे, आणि ती चार ओळींत सांगताना बाईंनी तीनदा खाडाखोड केली आहे. हा कागदही त्याच मुलीने मागून नेला. काल तिची चिठ्ठी आली, "आपा, टाच आतल्या बाजूला वळते. कागद चुकला की मी?" मी तिला सुई, लोकर आणि कागद घेऊन शनिवारी शाळा सुटल्यावर बोलावले आहे. बाईंनाही बोलावले आहे.