लोणी विकणारा देश आणि कापूस विकणारा प्रांत

2025 च्या ऑगस्ट महिन्यात केंद्र सरकारने परदेशी कापसावरील 11 टक्के आयात शुल्क प्रथम 30 सप्टेंबरपर्यंत उठवले, आणि महिना संपण्यापूर्वीच ही सवलत 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. त्याच सुमारास अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के जकात बसवली होती आणि कापड गिरण्यांना दिलासा देणे भाग आहे, असे कारण पुढे करण्यात आले. गिरण्यांना दिलासा हवा होता हे खरेच. तिरुपूरच्या शिलाई-कामगाराचा रोजगार बुडावा असे कोणताही समाजवादी म्हणणार नाही. परंतु वॉशिंग्टनने बसवलेल्या जकातीचा भार दिल्लीने गिरणीच्या दारातून उचलला तो थेट अमळनेर, चोपडा आणि पारोळ्याच्या शेतात आणून ठेवला. तेव्हा पेरण्या होऊन गेल्या होत्या, बियाणे-खतांचा खर्च झालेला होता आणि वेचणी तोंडावर आली होती. 2025-26 च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये ठरलेला असताना खेडा खरेदीत त्याहून कितीतरी खालचे भाव पुकारले गेले. त्याचा तपशील गावोगावच्या कार्यकर्त्यांना सांगण्याची गरज नाही.

या घटनेकडे केवळ 'भावाचा प्रश्न' म्हणून पाहण्याची सवय चळवळीला लागली आहे. वस्तुतः हा परदेश-व्यापाराचा प्रश्न आहे. खानदेशालाही परदेश-व्यापार आहे, आणि तो गेली दीडशे वर्षे आहे, ही गोष्ट आपल्या अर्थचर्चेत क्वचितच येते. जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांचे क्षेत्रफळ सुमारे 25 हजार चौरस किलोमीटर, आणि 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 79 लाखांच्या आसपास. डेन्मार्क हा देश विस्ताराने याच्या पावणेदोन पट असला तरी त्याची लोकसंख्या साठ लाखांच्या घरात आहे. म्हणजे माणसांच्या हिशेबाने खानदेश डेन्मार्कपेक्षा मोठा. तेव्हा या दोन भूप्रदेशांनी जगाशी देवघेव कशी केली, हे ताडून पाहण्यात काही वावगे नाही.

दोघांची कहाणी एकाच दशकात वळण घेते. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेतील राज्यांचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि गिरणीमालकांची नजर वऱ्हाड-खानदेशाकडे वळली. याच दशकात लोहमार्ग भुसावळपर्यंत येऊन पोहोचला. कापसाचे भाव कधी नव्हे इतके चढले. युद्धाच्या चार-पाच वर्षांत एकट्या मुंबईच्या पदरात नेहमीपेक्षा सुमारे 8 कोटी पौंड अधिक पडले असे सांगितले जाते. त्यातून बॅका निघाल्या, समुद्र हटवण्याच्या कंपन्या निघाल्या, सट्टा पिकला. 1865 साली युद्ध संपताच हा डोलारा कोसळला. मुंबईचे शेठ बुडाले आणि काही काळाने पुन्हा वरही आले. ज्याने चढ्या भावाच्या भरवशावर कर्ज काढून ज्वारीच्या रानात कपाशी लावली होती, त्या शेतकऱ्याच्या नावावरचे खाते मात्र सावकाराच्या वहीत तसेच राहिले.

त्याच 1864 साली डेन्मार्क प्रशिया व ऑस्ट्रियाकडून युद्धात हरला आणि श्लेस्विग-होल्स्टाइनचा मोठा मुलूख गमावून बसला. पुढच्या दशकात संकट आले ते व्यापाराच्या वाटेने. अमेरिका आणि रशियातून आगबोटींनी स्वस्त धान्य युरोपात ओतले जाऊ लागले व डेन्मार्कच्या गव्हाला गिऱ्हाईक उरेना. जर्मनी, फ्रान्स यांनी जकातीच्या भिंती उभारल्या. डेन्मार्कने ते केले नाही. परदेशातले स्वस्त धान्य त्याने येऊ दिले, ते गाई-डुकरांना चारले आणि इंग्लंडला लोणी व खारवलेले डुकराचे मांस विकण्यास आरंभ केला. ज्या आयातीने शेतकरी मरायचा, तीच त्याच्या उद्योगाचा कच्चा माल झाली. हे शक्य झाले, कारण दुधापासून लोणी करणारा कारखाना शेतकऱ्याच्या मालकीचा होता. 1882 साली पश्चिम युटलंडमधील येडिंग या गावी पहिली सहकारी दुग्धशाळा निघाली. 1887 साली जर्मनीने डेन्मार्कच्या जिवंत डुकरांची आयात बंद केली, तेव्हा त्याच वर्षी होर्सेन्स येथे पहिला सहकारी कत्तलखाना उभा राहिला. बाजार बंद झाल्यावर निवेदन देण्याऐवजी त्यांनी कारखाना काढला, असे म्हणायला हरकत नाही. अर्थात निवेदने त्यांनीही दिली असतीलच.

या संस्थांचा एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मत माणशी एक. गोठ्यात गाई दोन असोत की दोनशे. नफ्याचा वाटा मात्र ज्याने जितके दूध घातले त्या प्रमाणात. भांडवलाला मताधिकार नाही, मालाला मोबदला आहे आणि माणसाला अधिकार आहे, असा हा तिहेरी हिशेब होता. त्यामागे ग्रुंटविग या धर्मोपदेशकाच्या कल्पनेतून निघालेल्या लोकशाळांचे चार दशकांचे काम होते. पहिली लोकशाळा 1844 ची. हिशेब वाचता येणारा, सभेत उभा राहून प्रश्न विचारणारा शेतकरी आधी घडला, संस्था त्यानंतर आल्या. आपल्याकडे संस्था आधी आल्या, आणि सभासद अजून यायचा आहे.

मालाची प्रत राखण्याच्या प्रश्नात तर दोन्ही कहाण्यांतला फरक लख्ख दिसतो. खानदेशचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात बदनाम होता. त्यात सरकी, माती, आखूड धाग्याचा कापूस मिसळलेला असे. 1863 साली मुंबई सरकारने कापसातील लबाडी रोखण्यासाठी कायदाच केला आणि निरीक्षक नेमले. म्हणजे प्रत ही पोलिसी बाब ठरली. भेसळ कोण करतो आणि का करतो, हा प्रश्न त्या कायद्याने विचारला नाही. ज्याला चांगल्या व वाईट कापसाचा एकच भाव हाती पडतो, तो चांगला कापूस निराळा ठेवण्याचे कष्ट का घेईल? डेन्मार्कच्या दुग्धशाळांनी उलट वाट धरली. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी 'लुर' या प्राचीन रणशिंगाची खूण आपल्या लोण्याच्या पिंपांवर उमटवली. लोणी खराब निघाले तर खुणेचा अधिकार जाई आणि शेजारचा शेतकरीच जाब विचारी. प्रत सांभाळण्यात उत्पादकाचा स्वतःचा पैसा गुंतला.

आजही खरेदी केंद्रावर कापूस आला की पहिला प्रश्न ओलाव्याचा निघतो. कापूस महामंडळाचा दंडक 8 टक्क्यांचा. 12 टक्क्यांपर्यंत भाव कापून घेतात, त्यावर माल परत. परत आलेली गाडी घरी जात नाही, वाटेतल्या व्यापाऱ्याच्या काट्यावर जाते. क्विंटलभर कापसातून साधारण 34 किलो रुई निघते आणि उरलेली बहुतांशी सरकी. 170 किलोच्या एका गाठीला पाच क्विंटल कापूस लागतो, 356 किलोच्या खंडीला साडेदहा. रुईची टक्केवारी, धाग्याची लांबी, सरकीतले तेल, पेंड या प्रत्येक गोष्टीला वेगळा भाव आहे. शेतकरी हे सगळे एकत्र, न मोजता, एका आकड्याला विकतो. ज्याला आपण 'भाव' म्हणतो तो या अज्ञानाचा भाव आहे. आणि हे अज्ञान त्याच्या डोक्यातले नाही. मोजण्याचे यंत्र दुसऱ्याच्या मालकीचे असल्याने ते येते.

गाठ बांधली गेली की खानदेश संपतो. गेल्या काही वर्षांत भारतीय कापसाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक बांगलादेश हे आहे. तिथे सूत होते, कापड होते, कपडे होतात. 2011 पासून ते कपडे बहुतांशी जकातीविना भारतात येऊ लागले. 2025 च्या मे महिन्यात भूमार्गाने येणारी ही आवक थांबवून ती न्हावाशेवा व कोलकाता या बंदरांपुरती ठेवण्यात आली, तीही कापूस उत्पादकाच्या विचाराने नव्हे. एकेकाळी अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप, जळगावची खानदेश मिल यांचे भोंगे या प्रांताचे घड्याळ होते. ते भोंगे थांबले. मिल कामगार आणि शेतकरी हे एकाच धाग्याचे दोन टोक आहेत, हे 1938 साली याच अमळनेरातून 'काँग्रेस' साप्ताहिक काढणाऱ्या साने गुरुजींना ठाऊक होते. त्याच्या दोनच वर्षे आधी, डिसेंबर 1936 मध्ये, फैजपूरच्या अधिवेशनाने शेतीविषयक कार्यक्रमात सहकारी शेतीचा उल्लेख केला होता.

अमळनेरच्या अर्थकारणात एक विलक्षण योगायोग आहे. डेन्मार्कचा शेतकरी आपले लोणी इंग्लंडला विकून स्वतः मार्गारिन खात असे. त्या देशात मार्गारिनचा दरडोई खप जगात वरच्या क्रमांकाचा होता. निर्यातदार आपल्या पोटाला चिमटा कसा घेतो, याचे हे उदाहरण. 29 डिसेंबर 1945 रोजी अमळनेरात 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी निघाली, ती खानदेशच्या भुईमुगावर वनस्पती तूप करण्यासाठी. तीच पुढे 'विप्रो' झाली आणि तिची खरी निर्यात बंगळुरूहून संगणक-सेवांची होऊ लागली. गावातल्या ज्या घरांनी त्या काळी भाग घेऊन ठेवले, त्यांचे भाग्य फळफळले, याच्या सुरस कथा वर्तमानपत्रे दरवर्षी छापतात. त्यात असूया धरण्याचे कारण नाही. मात्र भुईमूग पिकवणाऱ्याला त्या संपत्तीत वाटा मिळण्याची कोणतीही तरतूद नव्हती, कारण तो कंपनीला शेंगा विकत होता. भाग त्याच्याजवळ नव्हते. अमूल 1946 सालचे. वर्षभराच्या अंतराने निघालेल्या या दोन संस्थांत कच्चा माल देणारा कोठे उभा आहे, एवढे पाहिले तरी पुरे.

सहकाराचे नाव घेतले की कार्यकर्ते 1972 सालच्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेची आठवण काढतात. ती योजना तीस वर्षे चालली आणि तोट्यात जाऊन 2002 च्या सुमारास संपली. तिने पडत्या भावात शेतकऱ्याला आधार दिला, हे अमान्य करणे कृतघ्नपणाचे होईल. पण तिला सहकारी म्हणणे शब्दाचा दुरुपयोग आहे. प्रतवारी सरकारी, विक्री सरकारी, पैसे हप्त्याने. बाहेर भाव चढला की चोपड्याकडचा कापूस रातोरात सेंधव्याला जाई आणि पडला की सेंधव्याकडचा इकडे येई. शेतकऱ्याने योजनेला आपले मानले नाही, कारण ती त्याची नव्हतीच. हमीभाव हा मजल्याखालचा पाया असू शकतो, घर नव्हे. तरीही पाया काढून टाकण्याची भाषा आज जे करतात त्यांच्या पंक्तीला समाजवाद्यांनी बसता कामा नये.

केळीची गोष्ट थोडी निराळी, आणि काहीशी आशेची. जगातल्या केळ्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा भारतात पिकतो, पण जागतिक निर्यातीत भारताचा वाटा अगदी किरकोळ. 1990 च्या दशकापासून उतिसंवर्धित रोपे आणि ठिबक यांनी रावेर-यावलचे रूप पालटले. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि 2021 साली तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची 22 टन केळी दुबईला गेली. घड न आपटता उतरवणे, फण्या धुणे, प्रतवारी, शीतपेटी ही सारी कामे गावात राहिली तर मजुरीही गावात राहते. पण निर्यात करणारा कोण, हा प्रश्न इथेही आहेच. बहुतेकांचा भाव अजून बऱ्हाणपूरच्या बाजारात ठरतो. आखातात एखादे युद्ध भडकले की बागेतला घड तोडायला माणूस येत नाही. एकाच गिऱ्हाइकावर विसंबणाऱ्याची ही गत डेन्मार्कनेही भोगली आहे: 1932 च्या ओटावा करारानंतर इंग्लंडने साम्राज्यातील मालाला झुकते माप दिले आणि डॅनिश मांसावर कोटे लादले.

पाण्याचा उल्लेख केल्यावाचून या विषयाला पुढे जाता येत नाही. अमळनेरजवळ पाडळसे येथील निम्न तापी प्रकल्पाचे काम 1990 च्या दशकात हाती घेतले गेले आणि पाव शतक उलटले तरी ते पुरे झालेले नव्हते. तापीच्या काठावरचा कोरडवाहू शेतकरी भावाच्या चढउतारात टिकतो तो एका पिकावर नव्हे, दुसऱ्या पिकाच्या पर्यायावर. तो पर्याय पाणी देते.

मग करायचे काय? तालुक्यातील दोन-तीनशे कापूस उत्पादकांनी एक जिनिंग हंगामापुरते भाड्याने घ्यावे, रुईची टक्केवारी आणि धाग्याची लांबी गावकीसमोर मोजावी, गाठीवर स्वतःची खूण घालावी आणि सरकी स्वतः विकावी. भांडवलाची अडचण येईल, जिल्हा बँका नकार देतील, व्यापारी एक वर्ष जास्त भाव देऊन सभासद फोडतील. हे सर्व डेन्मार्कमध्येही झाले. म्हणूनच तिथल्या सभासदाने आपले सारे दूध ठरावीक वर्षे आपल्याच शाळेला घालण्याचा करार लिहून दिला होता. शुल्काच्या बाबतीत मागणी स्पष्ट हवी: पेरणीनंतर हंगाम संपेपर्यंत आयात शुल्क बदलणार नाही, अशी हमी.

एक बाब उरते, आणि डेन्मार्कचे अनुकरण तिथे अपुरे पडते. माणशी एक मत हा नियम गाय असलेल्या माणसापुरता होता. भूमिहीन शेतमजुरासाठी 1899 साली राज्याने जमिनीच्या लहान तुकड्यांकरिता कर्जाचा कायदा केला, तो सहकाराने नव्हे. खानदेशात कापूस वेचणारी बाई किलोवर मजुरी घेते, सातपुड्यातून हंगामाला येणारी पावरा कुटुंबे पालावर राहतात आणि सालदाराचा करार आखाजीपासून आखाजीपर्यंत चालतो. कापूस ओला येतो की कोरडा, त्यात कवडी किती, हे ठरते ते तिच्या बोटांत. तिला सभासदत्व आणि एक मत देणारे पोटनियम जी संस्था लिहील, तिच्या गाठींची प्रत निरीक्षकाला तपासावी लागणार नाही. येत्या आखाजीच्या आधी, मजुरीचे दर ठरण्यापूर्वी, निदान अमळनेर तालुक्यात अशा एका पोटनियमाचा मसुदा गावसभांपुढे ठेवला गेला पाहिजे.