साखर वाढली, त्यात गुन्हा कसला?

रिपोर्ट हातात पडतो आणि डॉक्टर सांगतात, 'तुम्हाला शुगर आहे.' त्यापुढे ते जे सांगतात त्यातले फारसे काही रुग्णाच्या कानात शिरत नाही. गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, हे विचारायला तो दुसऱ्या दिवशी मेडिकलवाल्याकडे जातो. दिवसभर चारचौघांना सल्ले देणारा माणूसही त्या रात्री आढ्याकडे बघत पडून राहतो. वडिलांचा कापलेला अंगठा, मावशीचे डायलिसिस, शेजाऱ्यांची गेलेली दृष्टी, सगळे एकदमच आठवते.

हा भित्रेपणा नव्हे. कोणतीही मोठी गोष्ट हातातून निसटली की माणसाचे असेच होते. कोणी चिडतो, कोणी 'मला तर काहीच त्रास नाही' म्हणून रिपोर्ट कपाटात टाकतो, कोणी लॅब बदलतो. लक्षणे नसतील तर निदान पक्के करण्यासाठी डॉक्टर स्वतःच पुन्हा तपासायला सांगतात, त्यात वावगे काही नाही. पण चौथी लॅब गाठणारा माणूस सुटका शोधत असतो, आणि ती लॅबमध्ये मिळत नाही. 'मधुमेह मुळापासून बरा' अशा जाहिरातींचे गिऱ्हाईकही याच दिवसांत तयार होते. काही प्रौढांची साखर सुरुवातीच्या काळात वजन घटवून, वैद्यकीय देखरेखीखाली गोळ्यांशिवाय ताब्यात राहते, हे खरे आहे. परंतु टाइप १ च्या मुलाचे इन्शुलिन कोणाच्या तरी सांगण्यावरून बंद केले, तर ते काही दिवसांत जिवावर बेतते.

माझ्या मते खरे दुखणे आहे ते लाजेचे. आपल्याकडे या आजाराला एक आरोप चिकटलेला आहे: 'गोड खाल्ले, म्हणून झाले.' २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. हे सगळेच काय इमरती खाऊन आजारी पडले? आनुवंशिकता, पोटाभोवतीची चरबी, बैठे काम अशी कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवती माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली बाळे वजनाने कमी, पण अंगात चरबी तुलनेने अधिक घेऊन जन्मतात, असे त्यांना आढळले. म्हणजे काही बीजे जन्माआधीच पडलेली असतात. टाइप १ चा तर गोड खाण्याशी संबंधच नाही.

आरोप झाला की माणूस लपवू लागतो. पंगतीत जिलेबी नको म्हटले तर कारण सांगावे लागेल, म्हणून ती मुकाट्याने खातो. इन्शुलिन घ्यायची वेळ प्रवासात आली की टाळतो. सगळ्यात वाईट अवस्था लग्नाच्या वयाच्या मुलींची. 'स्थळे येणार नाहीत' म्हणून आईवडीलच औषध लपवायला शिकवतात. (मुलाला मधुमेह असेल तर 'काळजी घेणारी मिळेल' म्हणायचे, हा न्याय आणखी निराळा!) साखरपुड्याआधी स्पष्ट सांगावे, असे माझे मत आहे. जे घर एवढे ऐकून मागे फिरते, त्या घरात ती सुई तिने रोज कुठे लपवून टोचली असती? आपल्याच शहरात डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान' ही संस्था टाइप १ च्या मुलांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी काम करते. आपल्यासारखी दुसरी मुले दिसली की मुलाचा निम्मा धीर परत येतो. क्रिकेटवेड्या मुलांना वासिम अक्रमचेही सांगावे. १९९७ साली त्याला मधुमेह निघाला, आणि २००३ च्या विश्वचषकात त्याने एकदिवसीय सामन्यांतील पाचशेवा बळी घेतला.

आता घरच्यांविषयी. काळजीपोटी घरात पोलीस ठाणे उभे राहते. चहात साखर किती, महालक्ष्म्यांच्या जेवणात पुरणपोळी किती, यावर पाहुण्यांदेखत पहारा असतो. पाहुण्यांसमोर टोकलेला माणूस नंतर एकट्याने खातो, हा अनुभव घरोघरचा आहे. त्यापेक्षा सगळ्या घराचाच स्वयंपाक थोडा बदलला आणि संध्याकाळी सोबत चालायला निघाले, तर सांगायची गरजच उरत नाही. आणखी एक. इन्शुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणारा माणूस अचानक चिडचिड करू लागला, घामाघूम झाला, हात थरथरू लागले, तर वाद घालत बसू नये. साखर ७० च्या खाली गेलेली असू शकते. तो शुद्धीवर असेल तर आधी तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी. भांडण मग सावकाश करता येईल. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा.

आमच्या डॉक्टरमंडळींनाही एक विनंती. अमेरिकेत पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली मधुमेहींच्या मनावरचा भार मोजणारी वीस प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. ओपीडीच्या गर्दीत वीस प्रश्न कोण विचारणार, हे मान्य. पण निदानाच्या दिवशी सगळे सांगून मोकळे होण्याऐवजी आठ दिवसांनी जोडीदारासह पुन्हा बोलवावे, आणि 'कशाची सर्वांत जास्त भीती वाटते?' एवढे तरी विचारावे. ताणाने शरीरात जी संप्रेरके वाढतात, ती साखरही वाढवतात. म्हणजे हा प्रश्नसुद्धा औषधोपचाराचाच भाग झाला.

सुरुवातीची उदासी बहुतेकांची हळूहळू ओसरते. पण दोन आठवडे उलटूनही झोप नाही, कशात रस नाही, औषध घ्यावेसे वाटत नाही, असे असेल तर ते नैराश्य असू शकते, आणि त्यावर उपचार आहेत. घाटी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात दाखवता येते. तिथवर जाण्याचा संकोच वाटत असेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तासांत केव्हाही, विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते.