खामगावच्या संगणकावर बिल्ड होईल का?

मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प उभारताना आपण भाषा कोणती, परवाना कोणता यावर महिनोन्‌महिने वाद घालतो. बिल्ड सिस्टीम मात्र पहिल्या दिवशी कोड लिहायला बसलेल्याच्या सवयीने ठरते आणि पुढे प्रत्येक नवख्याला ती सोसावी लागते.

बुलढाणा जिल्ह्यात शेगावला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, चिखलीतही आहे. इथली मुले सुट्टीत खामगाव, मेहकर, देऊळगाव राजाला घरी जातात आणि मोबाइलच्या डेटावर, जुन्या संगणकावर एखादा प्रकल्प उतरवून घेतात. पहिल्या संध्याकाळी तो चालला नाही, तर त्यांचा पॅच आपल्याला कधीच मिळत नाही.

स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये लिहिलेला मेक लहान सी प्रकल्पाला आजही पुरतो. पण तो फाइलच्या वेळेवर विसंबतो. मदरबोर्डवरचा सेल संपला असेल, तर वीज गेली की संगणकाचे घड्याळ काही वर्षे मागे जाते. त्यानंतर बदललेली सोर्स फाइल आधीच्या ऑब्जेक्ट फाइलपेक्षा जुनी दिसते आणि मेक ती पुन्हा कंपाइलच करत नाही. मुलगी बिचारी आपल्या कोडमधली चूक शोधत रात्र घालवते. बेझल फाइलच्या मजकुराचा हॅश तपासतो, त्यामुळे तो इथे फसत नाही. पण जावावर चालणारा त्याचा सर्व्हर ४ जीबीच्या यंत्राला जड जातो. म्हणून लहान प्रकल्पाने मेकच ठेवावा आणि ‘आधी तारीख तपासा, शंका आली तर मेक क्लीन करा’ ही ओळ रीडमीत अगदी वर लिहावी, असे आमचे ठाम मत आहे.

प्रकल्प वाढला, विंडोजवरही चालवायचा झाला, की सीमेक किंवा मेसन. केडीईने २००६ मध्ये ऑटोटूल्स सोडून सीमेक घेतले, तेही आधी एसकॉन्स वापरून पाहिल्यावर. पोस्टग्रेसने २०२३ च्या १६ व्या आवृत्तीत मेसन आणले, पण मेकची जुनी वाट बंद केली नाही. जुन्या वापरकर्त्यांना असा अवधी द्यायलाच हवा.

बिल्डची फाइल माणसाला वाचता येणे किती गरजेचे आहे, हे २०२४ च्या एक्सझेड या फाइल-कॉम्प्रेशन सॉफ्टवेअरच्या प्रकरणाने दाखवले. चोरदरवाजा जोडणारी एम४ स्क्रिप्ट फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हती. ऑटोटूल्सच्या हजारो ओळींच्या यंत्रनिर्मित स्क्रिप्टांत ती कोण शोधणार? पोस्टग्रेसचे विकासक आंद्रेस फ्रॉइंड यांना लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो हे खटकले, म्हणून ती उघडकीस आली.

सीमेकचे फेचकंटेंट आणि मेसनचे रॅप बिल्डच्या आधीच्या कॉन्फिगरच्या टप्प्यातच नेटवरून लायब्ररी ओढतात. शहरात हे कोणाच्या लक्षातही येत नाही. लोणारला दिवसभराचा डेटा त्यात संपू शकतो. पुढची आवृत्ती काढण्याआधी सगळी अवलंबने एकदा उतरवा, मग नेट बंद करून नव्या यंत्रावर फक्त रीडमी वाचत बिल्ड करून पाहा. जिथे अडेल, तिथली दुरुस्ती त्याच आवृत्तीत घाला.